मायचं धान आणि माझं इंजिन

गोंदियाला जायचं तर रेल्वेनं जा. कोल्हापूरहून सरळ गाडी आहे, बसलात की थेट गोंदियालाच उतरायचं. आमची लेक अश्विनी फोनवर हेच घोकत होती. ती गोंदियाजवळ दवनीवाड्याला शाळेत शिक्षिका आहे, तिथेच खोली घेऊन राहते. "आई, जीप आणू नकोस. तिचं वय झालंय." मी म्हटलं, "वय माझंही झालंय, मग मलाही बोलावू नको." उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्माचा स्वभाव. आता परत येऊन हे लिहायला बसलेय आणि अजून मान वर होत नाही.

आधी त्या जीपविषयी सांगते. ती आमची वडापची जीप. जत ते सांगली, पुढच्या सीटवर चार आणि मागे देव जाणे किती, अशी माणसं कोंबून वर्षानुवर्षं पळाली. आधी हे चालवायचे. ह्यांना दिवस मावळला की दिसेना झालं तेव्हा मी स्टिअरिंग धरलं. बाईमाणूस वडाप चालवते म्हणून लोक स्टँडवर बघायला यायचे, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? मीटर कधीच मोजायचं थकलं. इंजिन ऑइल प्यायला लागलं, मागून निळा धूर निघायला लागला. आमच्या गल्लीतला मेस्त्री कान लावून म्हणाला, "सुमनवहिनी, आतनं ठकठक येतीया. इंजिन उतरवाय लागतंय. लांब न्हेऊ नका." मी म्हटलं, "ठकठक तुझ्या डोक्यात हाय." ऑइलचा डबा मागच्या सीटखाली ढकलला, शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्या बांधल्या, आणि निघालो.

सोलापूर, नांदेड, यवतमाळ यांविषयी सांगण्यासारखं काही नाही. ठकठक सोबतीला होतीच. मी टेपचा आवाज वाढवून ती झाकली.

तलावांच्या मुलखात

भंडारा मागे पडलं आणि मी बघतच राहिले. आमच्या जतमध्ये पाणी म्हणजे टँकर. तो आला की घागरींची मारामारी. इथे वळण घेतलं की तलाव, पुढचं वळण घेतलं की आणखी एक तलाव, त्यात पांढरे बगळे आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून मासे धरणारी माणसं. चहाच्या टपरीवर मी विचारलं, हे सगळं सरकारनं बांधलं का? टपरीवाला चिडलाच. "सरकार कायले बांधंन जी? आमच्या आजा-पणजानं बांधले. आमी कोहळी व्हाव. तलाव बांधनं आमचं कामच." मी ह्यांच्याकडे बघितलं. आमच्या आजा-पणजानं काय केलं, तर दुष्काळात गुरं विकली. माणसांचा स्वभाव पाण्यावरून ठरतो की काय, असं मनात आलं.

धान कापून झालं होतं. इकडे भात म्हटलं की ताटातला, शेतातलं ते धान. रिकाम्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या त्या चौकोनी खाचरांमध्ये, हिरवी लाखोळीची डाळ उगवून आली होती. तिरोडा सोडलं आणि रस्त्यावर धान दिसायला लागलं. डांबराच्या एका अंगाला लांबच लांब पसरलेलं, कडेला दगड मांडलेले. समोरून येणारी काळीपिवळी, म्हणजे इकडचं वडाप, धान टाळून अगदी कडेनं जात होती. मला हसू आलं.

हसू का आलं ते कळायला आमच्याकडची रीत ठाऊक पाहिजे. आटपाडी-जत भागात सुगीत हुलगा, मटकी, तूर अशी रस्त्यावरच अंथरतात. वरून गाड्या गेल्या की फुकटात मळणी होते. वडापवाला वाट वाकडी करून बाजूनं गेला तर म्हातारी शिव्या घालते, "मुडद्या, माझ्या मटकीवरनं जायला तुझं डिझेल जळतंय व्हय?" मी कितीकदा मुद्दाम चाक घालून गेलेय आणि मागून आशीर्वाद ऐकलेत. तेव्हा दवनीवाड्याच्या अलीकडे तो मोठा पट्टा दिसला, तसं मी ह्यांना म्हटलं, "बघा हां, या लोकांना जरा मदत करू."

"अगं, मग दगड कशाला लावलेत?" हे म्हणाले.

"उडू नये म्हणून. तुम्ही गप बसा."

आणि डावीकडची चाकं दगडाच्या आतून धानावर घातली.

पुढे एक बाई उभी होती. हातात लाकडी फावडं. तिनं दोन्ही हात वर केले. मागून आणखी दोघी-तिघी धावत आल्या. मी ह्यांना म्हटलं, "काय प्रेमळ लोक आहेत हो!" आणि खिडकीतून हात हलवला. अजून तो माझा हललेला हात आठवला की अंगावर काटा येतो. हे म्हणाले, "अगं, त्या नको म्हणतायत." तोवर चाकं घसरायला लागली. वाळलेलं धान डांबरावर गोट्यांसारखं सुटतं, हे मला काय ठाऊक? मटकीला शेंग असते, काड असतं, चाकाला धर मिळतो. इथे नुसते दाणे. चाकं जागच्या जागी फिरफिर करायला लागली. मी गिअर खाली टाकला आणि जोर दिला, घाटात देतात तसा. इंजिन किंचाळलं. आतून धाडकन आवाज झाला, मग लोखंडाच्या पेटीत दगड हलवावेत तसा खडखडाट, आणि मग सगळं गप्प.

मी खाली उतरले. इंजिनाच्या कुशीला मुठीएवढं भोक पडलं होतं. आतला दांडा तुटून बाहेर डोकावत होता, आणि मी काळजीपोटी रस्त्यात जास्तच भरलेलं सगळं ऑइल, काळं, गरम, धानात पाझरत चाललं होतं.

ती फावड्याची बाई धापा टाकत आली. पन्नाशीची, काटक, कपाळावर मोठं कुंकू.

"काऊन वो बाई, दिसत नाई का तुमाले? धानावरून गाडी काऊन घातली?"

मी म्हटलं, "मळणी... म्हणजे आमच्याकडे... मदत म्हणून..."

"मळणी? झोडपलं, उपणलं, वाळवाले टाकलं, अन तुमी आता मळणी करून राहिले?"

जमलेल्या बायका हसल्या. ती नाही हसली. ती उकिडवी बसली, काळे झालेले दाणे तळहातावर घेतले, हुंगले, आणि हळूच खाली ठेवले. फेकले नाहीत.

"बिजवाई होती वो," ती म्हणाली. "पेराची होती. खायाची असती त म्हटलं असतं, जाऊ दे."

मी पर्स उघडायला गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तिनं पर्सकडे बघितलं आणि विचारलं, "पैसे का पेरू बांधीत?"

एवढ्यात मागची एक पोरगी म्हणाली, "अश्विनी मॅडमची माय व्हय ना हे? फोटोत पाहेलं मी." सगळ्या बायका माझ्याकडे नव्यानं बघायला लागल्या. फावड्याची बाई म्हणाली, "मॅडम त चांगल्या आहेत." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या, जतची आहे मी. मी पर्स पाठीमागे लपवली.

गाडी रस्त्यात ठेवता येईना. तीच म्हणाली, "माया अंगणात लावा. इथं नोको, आणखीन कोणाचं धान खराब होईन." चौघांनी ढकलत जीप तिच्याच अंगणात नेली. ज्या घराचं बियाणं मी बुडवलं, त्याच घरच्या चिंचेखाली माझी गाडी उभी राहिली. बाईचं नाव देवकनबाई.

दवनीवाडा

अश्विनी शाळेतून धावत आली. मला वाटलं आधी मिठी मारेल. ती आधी देवकनबाईच्या पाया पडली. मग खोलीवर नेऊन आम्हाला पाणी दिलं आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली. ते धान साधं नव्हतं. गावात आता सगळे दुकानातलं बी आणतात. देवकनबाईच्या आईनं एक बारीक, वासाचं धान सांभाळलं होतं. दोन्ही लेकींना सासरी पाठवताना तिनं त्याची एकेक पोटली बांधून दिली. देवकनबाई दर साली एका छोट्या बांधीत फक्त तेवढंच लावते, पुढच्या सालासाठी राखते, उरलेलं सणाला शिजवते. त्या जातीचं नाव कुणाला ठाऊक नाही. ती 'मायचं धान' म्हणते. यंदाचं सगळं बी त्या दिवशी रस्त्यावर होतं.

"सगळं?" मी विचारलं.

"सगळं, आई. सोन्यासारखं जपतात आणि एकाच दिवशी वाळवतात."

हे खोलीतल्या एका कोपऱ्यात बसून होते. एरवी मी काही चुकले की ह्यांना बोलायला सुचतं. त्या दिवशी ह्यांनी नुसती कडक भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढे केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवकनबाईच्या दारात गेले. ती पोत्यावर तेलकट धान पसरून बसली होती. मी न विचारता बाजूला बसले आणि काळे दाणे वेगळे करायला लागले. तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. दाणा काळा असला तर सोपं, पण तेल न दिसता लागलेलं असतं. बोटांना चिकट लागलं की तो गेला. थोड्या वेळानं माझीच बोटं चिकट झाली आणि चांगला कुठला, वाईट कुठला तेही कळेना. तिनं माझा ढीग बघितला, सगळा परत स्वतःकडे ओढला आणि नव्यानं निवडायला लागली.

मग मी शहाणपणा केला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. ती आत गेली तेव्हा एक घमेलंभर धान घेऊन मी हातपंपावर गेले आणि धुण्याच्या पावडरनं चोळून चोळून धुतलं. तेल निघालं की! फेस काळा झाला, धान पिवळंधम्मक. मी ते मिरवत घेऊन आले.

देवकनबाईनं वास घेतला. "साबणानं धुतलेलं धान उगवते का वो बाई?"

"धुतलं तर..."

"तुमच्या पोटात साबण गेला त तुमी उगवान का?"

शेजारच्या बाईनं तोंडाला पदर लावला. मीही हसले असते, इतकं चपखल बोलली ती. पण ते घमेलं तिनं कोंबड्यांपुढे ओतलं आणि कोंबड्यांनी चोच लावून तोंड फिरवलं, तेव्हा मला रडू आलं. भर अंगणात, परक्याच्या दारात. तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "जेवून जाजो."

जेवण म्हणजे भात. सकाळी भात, संध्याकाळी भात. वर लाखोळीची कोवळी भाजी, बोडीतल्या, म्हणजे गावच्या लहान तळ्यातल्या, मासळीचा पातळ रस्सा. आम्ही जवारीची माणसं. भातानं ह्यांचं पोट भरतं पण मन भरत नाही. ह्यांनी हळूच विचारलं, "भाकरी नसते का?" देवकनबाई म्हणाली, "भाकर आजारी माणसाले देते आमी." ह्यांनी मुकाट्यानं आणखी भात घेतला. मी मात्र ते ताट बघत बसले. ज्या बाईचं धान मी घालवलं, तिच्याच घरचा भात मी खात होते, आणि ती वाढताना हात आखडत नव्हती.

चिंचेखाली

अश्विनीनं गोंदियाहून एक मिस्त्री बोलावला. जाडजूड, पान खाणारा, प्रत्येक वाक्याला मांडीवर थाप. त्यानं गाडीखाली वाकून बघितलं, भोकात बोट घातलं आणि गावाला ऐकू जाईल असं ओरडला, "बाईजी, ये इंजन तो स्वर्गवासी हो गया!" लोक जमले. त्याला तेच पाहिजे होतं. "रिपेर? कायका रिपेर? ब्लॉकमे खिडकी बन गयी है. दुसरा इंजन डालना पडेगा." मग त्यानं जमलेल्या मंडळींना माझ्या देखत पहिल्यापासून सगळं समजावलं. बेअरिंग घासलेलं होतं, आवाज देत होतं, ऐकणाऱ्यानं ऐकलं नाही, वरून जोर दिला. प्रत्येक वाक्यानंतर लोक माझ्याकडे बघायचे.

चिंचेच्या जाड फांदीला साखळीची पुली बांधली. बॉनेट काढलं, रेडिएटर काढला, नळ्या सोडवल्या, आणि माझं इंजिन खडखडत वर आलं. सगळ्या गावापुढे ते चिंचेला लटकलं, काळं, ओघळणारं, कुशीला भोक पडलेलं. त्यातून अजून थेंब पडत होते. देवकनबाईनं खाली एक टोपली आणून ठेवली, राखेनं भरलेली. माझ्या डोक्यात हे यायला पाहिजे होतं.

आम्ही मिस्त्रीबरोबर गोंदियाला गेलो. त्याच जातीच्या एका काळीपिवळीची बॉडी गंजून संपली होती, पण इंजिन शाबूत होतं. ते त्याच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे होतं. गोंदिया म्हणजे राइस मिलांचं गाव. कोंड्याचा वास, रिक्षांची गर्दी, आणि सगळीकडे हिंदी. मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत. मला तिथे जरा बरं वाटलं, कारण तिथे कुणी मला ओळखत नव्हतं. बाजारात पोहे खाल्ले, ह्यांना एक मफलर घेतला. मग भंगारवाल्याच्या दारात चहा प्यायलो, तर चहावाला मिस्त्रीला विचारतो, "यही है क्या वो धानवाली बाई?" मिस्त्रीनं मांडीवर थाप मारली. गोंदियातही मी पोहोचायच्या आधी माझी कीर्ती पोहोचली होती.

ते इंजिन टेम्पोतून चिंचेखाली आणलं, उघडून बघितलं. मिस्त्रीनं नव्या रिंगा, नवी बेअरिंगं टाकायचं ठरवलं आणि काम सुरू केलं. मी रोज चिंचेखाली एका बाजूला इंजिन बघत आणि दुसऱ्या बाजूला धान निवडत बसले. निवडून निवडून चांगलं म्हणता येईल असं जे उरलं ते एका ताटलीत मावलं. देवकनबाईनं त्यातले काही दाणे दाताखाली धरले. टचकन तुटले. "आतून पिचले," ती म्हणाली. चाकांखाली आलेले. बाहेरून अख्खे दिसत होते.

शेजारीण म्हणाली, "सगुणाजवळ असंन की. तिनं बी राखलं असंन मायचं."

देवकनबाईनं हातातलं सूप खाली आपटलं. "तिच्या दारात मी नाई जात." आणि उठून गोठ्यात गेली.

अश्विनीनं मग सांगितलं. सगुणा ही देवकनबाईची धाकटी बहीण, सालेकशाकडे दिलेली. मानपानावरून दोघींचं काही बिनसलं आणि सगुणाच्या लेकीच्या लग्नाला देवकनबाई गेली नाही. सख्खी मावशी लग्नाला नाही. तेव्हापासून दोघी एकमेकींचं नाव घेत नाहीत.

नवं इंजिन बसलं त्या दुपारी मिस्त्रीनं नारळ फोडला आणि मला चावी दिली. पहिल्यांदा नुसतं घरघरलं. दुसऱ्यांदा सुरू झालं, स्वच्छ, बारीक आवाजात, ठकठक नाही, धूर नाही. एरवी मी गल्लीभर पेढे वाटले असते. मिस्त्री म्हणाला, "धीरे चलाना बाईजी. शुरूमें चालीसके उपर मत जाना. नये रिंग है, बैठने दो." मी मान हलवली.

देवकनबाई दारात उभी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती जीपच्या जवळ आली, बॉनेटवर हात ठेवला, ते थरथरतंय का बघितलं.

"सालेकशाले किती वेळ लागन?" तिनं विचारलं.

सालेकशाचा रस्ता

सकाळी निघालो. ती नवीन लुगडं नेसली होती. माझ्या शेजारी बसली, हे मागे. मांडीवर एक पिशवी, रिकामी, घडी घातलेली. आमगाव गेलं आणि पुढे डोंगर दिसायला लागले. साग, मोह, मध्येच लाल मातीचे उघडे कडे. ह्यांनी मागून विचारलं, कचारगडची गुहा याच बाजूला का? देवकनबाईनं नुसतं बोट दाखवलं. गोंड लोकांची मोठी जत्रा भरते तिथे. एरवी मी गाडी थांबवली असती, फोटो काढले असते, चार माणसांशी बोलले असते. त्या दिवशी मला दिसलं ते फक्त शेजारच्या बाईचं तोंड. तिचे ओठ हलत होते. ती काहीतरी म्हणून बघत होती, पुसत होती, परत म्हणून बघत होती. मी चाळीसच्या वर जाऊ शकत नव्हते. मोटारसायकलवाले आम्हाला मागे टाकत होते. तो रस्ता संपू नये असं मला वाटत होतं आणि लवकर संपावा असंही.

गावाच्या टोकाला सगुणाबाईचं घर. कौलारू, अंगण शेणानं सारवलेलं. सगुणाबाई ओसरीवर बसून पोपटाच्या शेंगा, आपण वाल म्हणतो त्या, सोलत होती. थोरलीसारखाच चेहरा, फक्त भरलेला. तिनं आम्हाला बघितलं, देवकनबाईला बघितलं, आणि शेंगा सोलतच राहिली.

"तुमी कोण जी?" तिनं मला विचारलं. बहिणीला नाही.

मी सांगितलं. पाय धरून सांगितलं म्हणा ना. मी मटकी समजून धानावर गेले, इंजिन फुटलं, तेल सांडलं, मायचं सगळं बी गेलं, चूक माझी आहे, हिची नाही, द्यायचं तर मला द्या. तिनं ऐकून घेतलं. मग शेंगांकडे बघतच म्हणाली, "पोरीचं लगन होतं तवा रस्ता नाई सापडला. धान गेलं त बरोबर सापडला."

देवकनबाई अंगणात उभी होती. उन्हात. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. मी त्या बाईला रस्त्यावर चार जणींपुढे मला झाडताना ऐकलं होतं. कोंबड्यांपुढे, मिस्त्रीपुढे, कुणापुढे तिची जीभ अडली नव्हती. ती आता म्हणाली, "चुकली मी." जमिनीकडे बघून. आवाज इतका बारीक की दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. "चुकली मी, सगुणा."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. चूक कुणाची आणि माफी कोण मागतंय! तिनं स्वतःहून कधी मागितली असती तर गोष्ट वेगळी. हे माझ्या चाकांनी तिच्याकडून वदवून घेतलं होतं.

सगुणाबाई उठली, आत गेली. बराच वेळ कणगीचं झाकण वाजलं. मग ती सूप भरून आली. तेच धान, बारीक, लांबट, टोकाला थोडं तपकिरी. तिनं ते बहिणीच्या पिशवीत ओतलं. एकदा, दोनदा, आणि मग थांबून तिसऱ्यांदा. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत नव्हत्या, दोघी पिशवीकडे बघत होत्या. देवकनबाईनं सांडलेले दाणे एकेक उचलून आत टाकले.

मग सगुणाबाईनं चहा आणला. दोन कप. एक ह्यांना, एक मला. तिसरा आणला नाही. आम्ही दोघं ओसरीवर खाटेवर, आणि देवकनबाई अंगणात पिशवी धरून. मी माझा कप तिच्याकडे केला.

"प्या जी," देवकनबाई म्हणाली. "तुमच्यासाठी ठेवला तिनं."

मी सगुणाबाईकडे बघितलं. ती माझ्या कपाकडे बघत होती. न प्यावा तर तिचा अपमान, आणि धान अजून तिच्याच अंगणात होतं. मी प्यायले. गरम होता, जीभ भाजली, तरी थांबले नाही. ती माऊली उन्हात उभी, घसा कोरडा, पहाटेपासून पाणी नाही, आणि मी, जिच्यामुळे हे सगळं घडलं ती मी, सावलीत बसून तिच्या बहिणीच्या घरचा चहा पिते. तळाची साखरही मी ढवळून प्यायले.

निघताना सगुणाबाई दारापर्यंत आली नाही. गाडी सुरू केली. नवं इंजिन एका हाकेला सुरू झालं आणि मला त्याचाही राग आला. गाव मागे पडलं, सागाचं रान आलं. देवकनबाई पिशवी पोटाशी धरून समोर बघत होती. मी बोलायला तोंड उघडलं, माफी मागायची होती, कितव्यांदा कुणास ठाऊक. तिनं मला बोलू दिलं नाही.

"चहा कसा होता?" तिनं विचारलं.

"गोड होता," मी म्हटलं. "फारच गोड."

"अद्रक होता?"

"होता. ठेचून घातलेला."

तिनं पिशवीचं तोंड मुठीत आवळलं. मग खिडकीकडे तोंड फिरवून म्हणाली, "माय तसाच करे."

मी पुढे बघून, हळूहळू गाडी चालवत राहिले.